उसनी पाने, हरवलेली साक्ष

नाशिकच्या द्वारका चौकात पुणे रस्ता मुंबई-आग्रा रस्त्याला येऊन मिळतो. मी या भागात बरीच वर्षे राहतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या प्रती बांधून घ्यायच्या होत्या म्हणून त्याच्याबरोबर इथल्याच एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने विषय विचारला. 'दलित आत्मकथन' एवढे ऐकताच तो म्हणाला, "सर, पहिलं प्रकरण पाहिजे का? 'दलित साहित्य : संकल्पना, स्वरूप आणि वाटचाल'. टाइप केलेलं तयार आहे. बरेच जण नेतात. नाव तेवढं बदलायचं."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. गिऱ्हाइकाची सोय पाहणारा तो पोरगा होता. पण त्या क्षणी माझा विद्यार्थी माझ्याकडे पाहीना आणि मीही त्याच्याकडे पाहिले नाही. ते प्रकरण त्याच्या प्रबंधात जवळजवळ तसेच होते. ते मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते.

शिक्षक म्हणून, कधी परीक्षक म्हणून, आणि पुष्कळदा नुसताच चळवळीतला एक जुना माणूस म्हणून मी आपल्या मुलामुलींचे लघुप्रबंध आणि प्रबंध वाचत आलो आहे. दलित साहित्यावरील समीक्षेची समीक्षा आपण अनेकदा केली. प्रस्थापित समीक्षकांनी आपल्याला कसे नाकारले, कसे चुकीच्या मापाने मोजले, हे आपण ठणकावून सांगितले. ते सांगणे आवश्यकच होते. परंतु आपण स्वतः जे लिहितो, विद्यापीठांच्या कपाटांत जे ठेवतो, त्याची चिकित्सा आपण फारशी करत नाही. घरातले भांडण घरात राहावे, असा त्यामागे विचार असतो. मला तो मान्य नाही. जी चळवळ चिकित्सेतून जन्मली तिने स्वतःला चिकित्सेतून वगळले, तर तिचा संप्रदाय व्हायला वेळ लागत नाही.

या प्रबंधांचा एक ठरीव साचा झाला आहे. शीर्षकाच्या शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' असते. आत चिकित्सा शोधावी लागते. पहिल्या प्रकरणात 'साहित्य म्हणजे काय' येथपासून सुरुवात. दुसऱ्या प्रकरणात बुद्ध, कबीर, फुले, आंबेडकर यांचा दहा-दहा ओळींत परिचय. मग लेखकाचे चरित्र, मग कथानकांचे सारांश, आणि शेवटी निष्कर्ष: 'लेखकाने दलितांच्या व्यथा-वेदनांचे प्रभावी चित्रण केले आहे.' हा निष्कर्ष प्रबंध लिहिण्याआधीही सांगता आला असता. मग तीनशे पाने कशासाठी खर्ची घातली? बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांच्या कथांवर नाशिकमध्येच बसून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी विहितगावला एकदाही जात नाही. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्या वर्षी मराठी कथा कशी लिहिली जात होती, हे पाहायला तो त्या काळच्या मासिकांचे अंक उघडत नाही. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी गावोगावच्या गायकांच्या तोंडी आहेत, आणि तोंडी असलेल्या गाण्याचे शब्द गावागणिक थोडे बदलतात. त्यांच्यावर लिहिणाऱ्याने चार गायकांकडून एकच गाणे ऐकून फरक नोंदवला, तर तेवढ्याने संशोधन होईल. त्याऐवजी एका छापील पुस्तकातली गाणी दुसऱ्या छापील पुस्तकात जातात.

हे मी मोठ्या अधिकाराने बोलतो आहे, असे कुणी समजू नये. मीही हेच केले आहे. त्याची किंमत काय पडली, ते आधी सांगतो.

१९८४ साली मी एम. ए. ला होतो. काळाराम मंदिर सत्याग्रहावर मी एक निबंध लिहिला आणि आमच्या वस्तीत बाबासाहेबांच्या जयंतीला तो वाचून दाखवला. निबंध एका पुस्तकावरून उतरवला होता. वाक्ये इकडची तिकडे केली होती, एवढेच. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक आजी काठी टेकत जवळ आल्या. म्हणाल्या, "पोरा, समदं चांगलं लिव्हलंस. पन आम्ही बाया कुठं गेलो? मी व्हते तिथं." मी हसून म्हणालो, "आजी, येतो एकदा तुमच्याकडे. सगळं सांगा मला." त्या म्हणाल्या, "ये, पन लवकर ये."

मी गेलो नाही. परीक्षा होती, मग नोकरीची खटपट. दीड वर्षाने त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्या नव्हत्या. सुनेने सांगितले की त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात जुने कागद, पावत्या, एक-दोन फोटो होते. घर बदलताना कागद रद्दीत गेले, पेटीत आता कपडे आहेत. द्वारकेहून कन्नमवार पुलावरून गोदावरी ओलांडली की पंचवटीतल्या काळाराम मंदिरापर्यंत चालत जायला पाऊण तासही लागत नाही. आजींचे घर त्याहून जवळ होते. तिथे मला दीड वर्षात जाता आले नाही. त्या बाई कुठल्या दरवाजावर बसल्या होत्या, बरोबर कोण होत्या, घरी पोरे कुणाजवळ ठेवून आल्या होत्या, हे आता कुणीही कधीही सांगू शकणार नाही. उसने पान टाळ्या घेऊन गेले आणि खरी साक्ष हरवली.

जे मी केले नाही ते दोन बायांनी केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या, जुनी वृत्तपत्रे चाळली, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्या पुस्तकाचे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आजींचा प्रश्नच ऐकू आला. आज त्या पुस्तकावाचून या विषयावर कुणाला लिहिता येत नाही. परंतु आपले विद्यार्थी त्यातूनही उतारेच घेतात. त्यांनी ज्या पद्धतीने काम केले, ती पद्धत कुणी उचलत नाही.

आता एक उदाहरण तपशिलाने घेतो, कारण सर्वसाधारण उपदेशाने काही होत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, याविषयी वाद नाही. तो किती काळ चालला? माझ्यासमोर आलेल्या लेखनात एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: पाच वर्षे, अकरा महिने, सात दिवस. इतका नेमका आकडा असला की वाचणाऱ्याला वाटते, कुणीतरी मोजून लिहिले असणार. मी एकदा वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. २ मार्च १९३० मध्ये पाच वर्षे, अकरा महिने, सात दिवस मिळवले तर ९ फेब्रुवारी १९३६ येतो. मी विचारले, त्या दिवशी काय झाले? आकडा लिहिणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येईना.

मग दुसऱ्या बाजूने मोजले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परिषद झाली. हिंदू म्हणून मरणार नाही, ही बाबासाहेबांची घोषणा तिथलीच, आणि मंदिरप्रवेशाच्या लढ्यात यापुढे शक्ती घालवू नये हा निर्णयही तिथलाच. २ मार्च १९३० पासून १३ ऑक्टोबर १९३५ पर्यंत किती होतात? पाच वर्षे, सात महिने, अकरा दिवस. वर्ग क्षणभर गप्प झाला. सात आणि अकरा यांची कुणाच्या तरी हातून अदलाबदल झाली असावी, आणि पुढच्या प्रत्येकाने ती चूक भक्तिभावाने उतरवली असावी. हे माझे अनुमान आहे, पुरावा नाही. फेब्रुवारी १९३६ मधली एखादी घटना कुणी कागदानिशी दाखवली तर मी ते आनंदाने मागे घेईन. परंतु अनुमान करायलासुद्धा आधी मोजावे लागते, आणि मोजण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

प्रश्न इथेच संपत नाही. बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी भाऊराव गायकवाडांना, म्हणजे आपल्या दादासाहेबांना, पत्र लिहिले आहे. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवावा, लोकांनी आपले बळ राजकारण आणि शिक्षण यांवर एकवटावे, असा त्याचा आशय आहे. दलितांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा लढा नव्हता, त्यांना जागे करण्याचा तो मार्ग होता, हेही त्यात आहे. मग सत्याग्रह संपला केव्हा? नेत्याने थांबवा म्हटले तेव्हा, की परिषदेने ठरवले तेव्हा, की शेवटचा सत्याग्रही दरवाजावरून उठला तेव्हा? १९३४ च्या पत्रानंतर नाशिकच्या लोकांनी काय केले? नेता आणि अनुयायी यांच्यात त्या दीड वर्षात काय बोलणे झाले? एका आकड्याची तपासणी केली तर केवढा मोठा प्रश्न उघडा पडतो! यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. पण आकडा उतरवून घेणाऱ्याच्या वाट्याला तो प्रश्न येत नाही.

आणि हे पत्र आपल्याला वाचायला मिळते कशामुळे? दादासाहेबांनी बाबासाहेबांची पत्रे जपून ठेवली म्हणून. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या या कार्यकर्त्याने मोर्चे काढले, तुरुंग भोगला, आणि आलेले कागदही सांभाळले. भाभानगरात त्यांच्या नावाच्या सभागृहात आपण सभा घेतो, हार घालतो. त्यांची कागद जपण्याची ही सवय मात्र आपण घेतली नाही.

यावर आपल्यातले काही तरुण मित्र मला उत्तर देतात. ते म्हणतात, "तळटीपा, संदर्भसूची, पृष्ठांक हे सगळे ब्राह्मणी विद्याव्यवहाराचे सोवळे आहे. आम्ही जगलो तोच आमचा पुरावा." या म्हणण्यातला राग मला समजतो. ज्या व्यवस्थेने हजारो वर्षे आपल्याला अक्षर शिवू दिले नाही, तिचे लोक आज संदर्भ कुठे म्हणून विचारतात तेव्हा कुणाचेही डोके तापेल. पण जरा थांबून विचार करू या. शब्दप्रामाण्य म्हणजे काय? कुणीतरी म्हटले आहे, म्हणून खरे. विचारायचे नाही, तपासायचे नाही. याच हत्याराने आपल्याला गावाबाहेर ठेवले गेले. तळटीप त्याच्या नेमकी उलट गोष्ट करते. ती वाचणाऱ्याला सांगते: मी हे अमुक ठिकाणाहून घेतले, तू स्वतः जा, पाहा, आणि मी चुकलो असेन तर मला धर. अशी मुभा कोणत्याही स्मृतीने आपल्याला कधी दिली नव्हती. म्हणून संदर्भ न देता लिहिणारा दलित लेखक ब्राह्मणी परंपरेला नकार देत नाही. तिचीच रीत नकळत चालवतो.

हेच बाबासाहेबांच्या वचनांबाबत होते. 'बाबासाहेब म्हणतात' असे लिहून पुढे वाटेल ते वाक्य टाकले जाते. कुठल्या भाषणात, कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर, काही नाही. १९७९ सालापासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९५२ पासून, चांगदेव खैरमोडे यांचे चरित्राचे खंड येऊ लागले होते. एवढी सामग्री हाताशी असताना त्यांच्या नावावर ऐकीव वाक्ये खपवणे म्हणजे त्यांचा ऋषी करणे आहे. ऋषीला पृष्ठांक लागत नाही, विचारवंताला लागतो.

स्वतः बाबासाहेब विद्यार्थिदशेत कसे लिहीत, ते पाहावे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. जातिव्यवस्था त्यांनी अंगावर सोसली होती. 'मी भोगले आहे, माझेच ऐका,' असे म्हणायचा अधिकार असेल तर तो त्यांनाच होता. त्यांनी तसे केले नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्या मराठीतले ज्ञानकोशकार केतकर, या चौघांच्या व्याख्या समोर ठेवल्या, प्रत्येकीत काय बरोबर आणि काय अपुरे ते दाखवले, आणि मग स्वतःचा सिद्धान्त मांडला की जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म. शेवटी हेही सांगितले की माझा सिद्धान्त टिकत नाही असे दाखवले तर मी तो सोडायला तयार आहे. जो माणूस आपल्या अनुभवाबद्दल एवढा निश्चित आहे, तोच आपल्या सिद्धान्ताबद्दल एवढा मोकळा राहू शकतो.

पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ साली सादर केला, तो परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला. पैसे संपले होते, मुंबईला परतावे लागले. इथून त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने आला. त्यात त्यांनी केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाचे मत खोडून काढले आहे. पण आधी ते मत नीट मांडले आहे. त्यांचे मार्गदर्शक कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद उघड लिहिले आणि तरीही लिखाणातल्या ताजेपणाची दाद दिली. आपल्या विद्यार्थ्याला 'हे पुन्हा लिही' म्हटले की त्याला अपमान वाटतो. कधी तो खरेच अपमान असतो, जात पाहून केलेला. हे नाकारण्याइतका मी भोळा नाही. पण प्रत्येक दुरुस्ती अपमान नसते. हा फरक ओळखायचा तर आपले लिखाण आधी आपणच चार वेळा तपासलेले असावे लागते.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका इंग्रजी लेखात समाजशास्त्रांतली एक विभागणी दाखवून दिली: सिद्धान्त मांडणार वरच्या जातींचे लोक, आणि दलितांनी तपशील, आकडे, अनुभव पुरवायचे. म्हणजे ज्ञानाच्या गावातही आपण पुन्हा बलुतेदारच. मला त्यांचे म्हणणे पटते. पण इथे एक कडू गोष्ट जोडावी लागते. तपशील पुरवण्याचे काम तरी आपण नीट करतो आहोत का? सिद्धान्त दुसऱ्याचा आणि तपशीलही दुसऱ्याच्याच पुस्तकातला उतरवलेला, अशी स्थिती असेल तर आपल्या हाती उरते काय?

सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, हेही सांगितले पाहिजे. माझी एक विद्यार्थिनी सातपूरच्या कारखान्यात पाळीवर काम करून शिकत होती. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. ती म्हणाली, "सर, टिपणं ठेवायला घरात जागा नाही, आणि वाचनालय उघडं असतं तेव्हा मी कामावर असते." शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही. मार्गदर्शकाला सवड नसते, कधी इच्छाही नसते. वर नियमांचा बडगा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम केले: दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्यांनी शिक्षा. यंत्र शब्द जुळतात का ते मोजते. शब्द बदलले की काम भागते, आणि शब्द बदलून देणारी दुकानेही निघतात. आता तर विषय सांगितला की यंत्रच पानेच्या पाने लिहून देते, आणि कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भही देते. त्या यंत्राला आमच्या आजी ठाऊक नाहीत. त्यांची साक्ष कुणी लिहूनच ठेवली नाही, तर ते ती देणार कुठून?

त्या विद्यार्थिनीने मग जे केले ते सांगतो, कारण त्याला पैसे लागले नाहीत. तिने पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. वर लेखक, पुस्तक, पान, आणि आपण ते कधी वाचले ती तारीख. दुसऱ्याचे वाक्य असेल तर अवतरणचिन्हात. स्वतःचा विचार लाल शाईने. सगळ्या चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात. सुटीच्या दिवशी ती सार्वजनिक वाचनालयात जाई. ही संस्था १८४० पासून नाशिकमध्ये आहे. वस्तीत म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ती तीन रकाने करी: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले, अंदाजाने सांगितलेले. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवी, वय आणि गाव लिही, नाव छापू का म्हणून विचारी. रोज कामावरून आल्यावर एक पान. रविवारी ते आईला वाचून दाखवी. आईला जे समजले नाही ते ती पुन्हा लिही. तिचा लघुप्रबंध नव्वद पानांचा झाला. त्यात 'साहित्य म्हणजे काय' हे प्रकरण नव्हते. एका प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले नाही, अशी स्पष्ट कबुली मात्र शेवटी होती. मी आजवर वाचलेल्या प्रबंधांतले ते सर्वांत प्रामाणिक पान.

तळटीप देणे म्हणजे ऋण मान्य करणे, साक्ष नोंदवणे आणि वाचकाला आपल्याला तपासण्याचा हक्क देणे. आपल्या चळवळीला या तिन्ही गोष्टींची गरज आहे. जे शिक्षक हे वाचत असतील त्यांनी निदान एका विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर, एखाद्या दारापर्यंत पाठवावे. जे कार्यकर्ते वाचत असतील त्यांनी आपल्या घरातली पेटी उघडून पाहावी. हँडबिल, पावती, परिषदेचा पास, जे असेल त्यावर तारीख आणि नाव लिहून ठेवावे. आणि विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन: काळाराम सत्याग्रहाचे वय झालेले साक्षीदार आता उरलेले नाहीत. पण त्यांची मुले आहेत, सुना आहेत. धर्मांतराच्या वेळची लहान मुले आज म्हातारी आहेत. नामांतराच्या लढ्यातली माणसे आहेत. ती अजून बोलतात.

त्यांच्यापैकी कुणी "ये, पन लवकर ये" म्हणाले, तर त्याच आठवड्यात जा.